मोकळा प्लॉट, कॅमेरा आणि आमची आई

सरकार मदत करून राहिलंय असं कोणी सांगितलं की माझा हात आधी पर्सकडे जातो. स्वभावच तसा, त्याला मी काय करू! शाळेत इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासतेय. शेजारी बसलेल्या दोन पोरींची एकसारखी चूक दिसली की कोणी कोणाचं पाहिलं हे शोधून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवरा म्हणतो, "तू प्रसादाच्या शिऱ्यातही खडा शोधशील." शोधते ना. आणि बहुतेक वेळा सापडतो.

म्हणून आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडून बसवलेल्या वस्तीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांनी 'आनंदाची बातमी' टाकली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बातमी अशी की बेकायदा कचरा टाकणाऱ्यांना आळा घालायला सरकारने स्थानिक संस्थांना निधी दिला आहे, आणि त्या पैशातून आपल्या मोकळ्या प्लॉटवर कॅमेरा लागणार आहे. लगेच सगळ्यांनी हात काय जोडले, फुलं काय टाकली! मी एकटीने विचारलं, "कॅमेऱ्याचं तोंड कोणीकडे राहील?" उत्तर म्हणून एका बाईंनी माझ्या प्रश्नाखाली गणपतीचा फोटो टाकला.

हा मोकळा प्लॉट म्हणजे आमच्या हुडकेश्वरच्या ले-आऊटचं गळू. आम्ही घर बांधलं तेव्हा तो बागेसाठी राखीव आहे असं सांगितलं होतं. त्याच्या पलीकडे तेव्हा तुरीची शेतं होती, वस्ती तिथेच संपायची. आता शेतं गेली, पलीकडेही दुमजली घरं उभी राहिली, पण बाग काही उगवली नाही. उगवला तो मलबा. कोणाची पाडलेली भिंत, कोणाचा फुटका कमोड, लग्नाच्या हॉलातल्या पत्रावळी, थर्माकोल. रिंग रोडकडून ट्रॅक्टर येतो, ट्रॉली उचलतो, धाड्कन माल रिकामा करतो आणि जातो. सगळ्यांना आवाज येतो. विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, आम्ही तेव्हा आंघोळीला होतो.

कॅमेरा लागला. मी मुद्दाम पाहायला गेले. त्याचं तोंड आमच्या गल्लीकडे! ट्रॅक्टर येतो तो रस्ता त्याच्या पाठीमागे. अध्यक्षांच्या घरावर त्या वेळी तिसरा मजला चढत होता. मजला चढतो तेव्हा खाली काहीतरी फुटतं, आणि फुटलेलं कुठेतरी जातं. मी त्यांना गेटवरच गाठलं.

"वहिनी, लाइटीचा खांब तिकडंच आहे ना," ते म्हणाले. "वायर काय मी मह्या घरून ओढू?"

उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर उत्तर पटकन आलं की मला जास्तच शंका येते. ती आजही गेलेली नाही.

त्याच वर्षी माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. सासरे गेल्यावर त्या उमरेडच्या घरात एकट्याच असत. हातमागावर काम केलेली बाई, कोणाच्या दारात बसायची सवय नाही. पण उन्हाळ्यात अंगणात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तशाच पडून होत्या. नवरा जाऊन घेऊन आला. त्यांनी येतानाच अट घातली: "पोळ्यापर्यंत पाहते. जमलं तं राहते, नाही तं मले उमरेडच्या बसमधी बसवून देजो."

जमावं म्हणून मी काय काय नाही केलं! भाजीत तेल त्यांच्या हिशेबानं टाकायला लागले, टीव्हीचा आवाज त्यांच्या कानाला बेतून ठेवला. सासू राहावी म्हणून देवाला हात जोडणारी सून तुम्ही पाहिली नसेल, पण मी जोडले. मला भीती वाटत होती. पुढच्या वेळी शेजारीण ताक मागायला आलीच नाही तर?

पोळा आला. संध्याकाळी आईंनी कुठूनशा पळसाच्या फांद्या आणवून दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी मारबत. शहरातले लोक त्या दिवशी जुन्या वस्तीत मोठ्या मारबतींची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या राक्षसिणींच्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला जातात. आईंना त्याचं काही नव्हतं. "आपल्या घरची पीडा आपणच न्या लागते," म्हणाल्या. त्यांच्या गावी घराघरातून लोक सकाळीच दारातल्या फांद्या, झिजलेला झाडू, फुटकं सूप, जे काही उतरलेलं असेल ते उचलायचे आणि ओरडत ओरडत गावाच्या शिवेबाहेर फेकून यायचे.

आईंनी सकाळी फांद्या उचलल्या. माझा झिजलेला झाडू घेतला, एक फाटकं पायपुसणं घेतलं आणि निघाल्या. आमची शीव कुठली? त्यांच्या लेखी मोकळा प्लॉट. स्वयंपाकघरातून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "इडा, पीडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!" काय खणखणीत आवाज! मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. बाई इतक्या जोरात आमच्या घरची पीडा घालवतेय म्हणजे तिचा राहायचा विचार दिसतोय, असं मी मनात म्हटलं.

काही दिवसांनी महापालिकेचं पथक आलं. चमकदार जॅकेट घातलेली माणसं, हातात टॅब. दार मीच उघडलं. त्यांनी व्हिडिओ दाखवला. पडद्यावर आमची आई, हातात झाडू, हात वर, तोंड उघडं.

"आजी, ह्या तुम्हीच ना?"

आईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्या टॅबला नाक लावून पाहू लागल्या. "हाओ. मीच व्हय."

"बेकायदा कचरा टाकला. दंड भरा लागते."

माझं डोकंच फिरलं. "काहो, ट्रॅक्टर दिसत नाही तुमच्या कॅमेऱ्याले? अख्खी भिंत दिसत नाही, कमोड दिसत नाही, अन् मह्या सासूचा झाडू दिसला? सण होता तो! सणाचा कचरा राहते का?"

"मॅडम, नियम सगळ्यांले सारखा."

मी चांगली कंबर कसून भांडणार होते. तेवढ्यात आईंनी पदराची गाठ सोडली आणि दंडाचे पैसे त्या माणसाच्या हातावर ठेवले. "घे बापू. जाय."

मी बघतच राहिले. कोथिंबिरीची जुडी घेताना चार भाज्या उलथ्यापालथ्या करणारी ही बाई. रिक्षावाल्याशी भांडून उतरणारी. तिनं हूं की चूं न करता दंड भरला? काहीतरी होतं यात. पण मला वाटलं, घाबरली असेल जॅकेटांना.

दंडावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पुढच्या आठवड्यात प्लॉटच्या कोपऱ्यावर हा मोठा फ्लेक्स लागला. 'येथे कचरा टाकणाऱ्यांवर आमची नजर आहे.' खाली, नजरेत सापडलेली पहिली आरोपी म्हणून आमची आई. नेमका तोच क्षण उचलला होता, झाडू उगारलेला, तोंड वासलेलं. देवाचं नाव घेताना कोणाचा फोटो काढला तर तोही राक्षसच दिसेल. ग्रुपवर पलीकडच्या गल्लीतल्या कोणीतरी तो फोटो टाकला आणि लिहिलं, 'मारबत सापडली.' त्याखाली हसण्याची रांग. त्या रांगेत अध्यक्षही होते. मी ग्रुपवर असं काही लिहिलं की नवऱ्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

आईंना व्हॉट्सॲप कळत नव्हतं, पण लोकांच्या नजरा कळत होत्या. त्यांनी देवळात जाणं सोडलं. दूध आणायला जाणं सोडलं. भजनाच्या बायका हाक मारायला आल्या की आतून सांगायच्या, "गुडघा दुखून राहिला." एक दिवस मी शाळेतून आले तर त्यांच्या पलंगावर पिशवी उघडी, आणि त्यात पातळं घडी करून ठेवलेली.

"हे काय वो आई?"

"पोळा झाला. पायलं मी. आता मले बसमधी बसवून द्या."

"त्या फ्लेक्ससाठी?"

"मह्या गावी सारं गाव मले वळखते," त्या म्हणाल्या. "पण तिथं कोणी फोटो नाही लावत वं."

त्या दिवशी मी जेवले नाही. राग कोणाचा करावा तेच कळेना, म्हणून सगळ्यांचा केला. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब वाईट नव्हता, हे मला कबूल करायला जड जातं. पंख्याखाली घाम पुसत तो म्हणाला, "मॅडम, वरून निधीचा पहिला हप्ता आला. दुसरा हप्ता तेव्हाच, जेव्हा आम्ही कारवाई दाखवू. फोटोसकट. आता मी काय दाखवू?"

"ट्रॅक्टर दाखवा!"

"एक तं तो कॅमेऱ्याच्या मागून येते. दिसला तरी नंबर प्लेटले चिखल फासलेला राहते. चेहरे गमछ्यात राहतात. तुमच्या आजींचा चेहरा साफ दिसत होता."

म्हणजे काय, तर आमची आई चेहरा न झाकता गेली हाच तिचा गुन्हा. मी म्हटलं, मी पुरावा आणते. तो मलबा कोणाच्या घरचा आहे ते मी दाखवते, मग लावा त्याचा फोटो. तो म्हणाला, आणा. मला अध्यक्षांचा तिसरा मजला डोळ्यांसमोर दिसत होता.

घरी येऊन मी बूट घातले, फोन घेतला. आई दारात आल्या. "कुठं चालली?"

"प्लॉटवर. ढिगाचे फोटो काढते."

"जाऊ नको वं तिकडं," त्या घाईनं म्हणाल्या. "साप राहते."

साप! जन्मभर वावरातून अनवाणी फिरलेली बाई मला सापाची भीती घालतेय. त्यांनी माझा हात धरला, आणि तो सोडेचनात. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. शाळेत पोरी असंच पाहतात, कंपासपेटी उघडू नका मॅडम म्हणतात तेव्हा. मी हात सोडवून घेतला आणि गेले.

ढीग जुना होता, त्याच्यावर गवत उगवलेलं. मी काठीनं उकरत फोटो काढत चालले होते. सिमेंट, विटा, अजून विटा. मग एक हिरवी टाइल निघाली. तिच्यावर पांढरा मासा. शेजारी अजून एक मासा, अर्धा. मी खालीच बसले. ह्या टाइल्स मी वर्षानुवर्षं ब्रशनं घासल्या होत्या. ह्या आमच्या बाथरूमच्या टाइल्स होत्या. आई यायच्या ठरल्या तेव्हा त्यांचा पाय घसरू नये म्हणून आम्ही बाथरूम फोडून खरबरीत फरशी बसवली होती, धरायला दांडा लावला होता. फोडलेला माल नवऱ्याने एका ट्रॅक्टरवाल्याला दिला होता. कुठे नेशील, हे मी विचारलं नव्हतं, आणि कोणीच विचारत नाही.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी टाइलचा तुकडा त्यांच्या सुपाजवळ ठेवला.

"तुम्हाले माहीत होतं?"

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "पूजेले फुलं तोडाले जात होती ना मी तिकडं. तवा दिसले मासे. आंधी पाहुणी येत होती तवाचे वळखीचे."

"म्हणून काही न बोलता दंड भरला?"

"मंग काय करू? भांडली असती तं त्यायनं सारा ढीग उकरला असता. पोराचं नाव आलं असतं." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तू त्याले काई बोलू नको. मी उमरेडले गेली का लोक भुलून जातात."

बोलू नको म्हणे! मी अशी बाई आहे का? जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता माझा, सरकारवर, साहेबांवर, अध्यक्षांवर, खांबावर. घरातला एक माणूस तेवढा सुटला होता.

नवरा अंगणात स्कूटर धूत होता. मी तो मासा त्याच्यासमोर धरला. त्याने पाइप बंद केला. मला वाटलं होतं तो म्हणेल, 'अरे, हे कसं काय?' तो तसं म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता, अगदी आनंदाने ठेवला असता.

"मले दिसलं होतं," तो म्हणाला. "मी गेटवर उभा होतो. ट्रॅक्टर उजवीकडे वळाले पाहिजे होता, डावीकडे प्लॉटकडं वळला. म्हटलं, जाऊ दे. सगळेच टाकतात."

"अन् आईचा फोटो लागला तेव्हा?"

त्याने फडकं घेऊन स्कूटरचा आरसा पुसायला घेतला.

"तुमची माय तिथं लटकून राहिली, अन् तुम्ही रोज तिच्याखालून गाडी काढून गांधीबागेत दुकानावर जाता? जाववते कसं तुम्हाले?"

"मी खाली पाहून जातो," तो म्हणाला.

मला रडू आलं. त्याच्यासमोर, गेट उघडं असताना, शेजारीण पाहत असताना मी रडले. लाज वाटत होती, आणि रागही. ह्या माणसासोबत इतकी वर्षं काढली, तर मी काय काय पाहिलंच नसेल, असं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मी आज दुकानात नाही जात. ऑफिसात जातो, सांगून येतो." आणि निघाला. माझा विश्वास? काडीचा नाही. मी शाळेत कळवलं की पोट बिघडलं, ऑटो केला आणि त्याच्या मागे निघाले. हसायचं तर हसा. तो चौकात तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी थांबला. मी ऑटोवाल्याला म्हटलं, "पाहा, आता इथूनच परत येते." ऑटोवाल्याला काय कळणार, तो म्हणाला, "जाऊ द्या ताई, भूक लागली असल." पण त्याने काही खाल्लं नाही. पाण्याचा ग्लास घेतला, तोंडावर मारला, आणि पुढे निघाला.

ऑफिसात मी दाराआडच उभी राहिले. तो साहेबाच्या टेबलासमोर उभा होता, दुकानातला नोकर मालकासमोर उभा राहतो तसा.

"त्या ढिगात मह्या बाथरूमचा मलबा आहे," तो म्हणाला. "दंड करा. अन् मह्या मायचा फ्लेक्स काढा."

साहेब खुर्चीत मागे झाला. "जाऊ द्या ना भाऊ. कशाले भानगड? मलबा कोण नाही टाकत?"

"फ्लेक्स काढा."

"तो निघत नाही आता. अहवालात गेला वर. तपासणीवाले येतील, फ्लेक्स नाही दिसला तर दुसरा हप्ता अडकते."

झालं, मी मनात म्हटलं. आता हा मान हलवणार, 'बरं' म्हणणार आणि घरी येऊन मला सांगणार की मी प्रयत्न केला. मी निघायच्याच बेतात होते.

"मंग असं करा," तो म्हणाला. "माहाबी फोटो लावा. आईच्या बाजूले."

खोलीत सगळे त्याच्याकडे पाहू लागले. साहेबाचा चेहरा मात्र उजळला. खोटं सांगत नाही, मी स्वतः पाहिलं. स्वतःहून चालत आलेला गुन्हेगार, साफ चेहरा, कबुलीसकट! त्याने लगेच मोबाइल काढला. "भिंतीजवळ उभे राहा. हसू नका." आमचा माणूस हसण्याच्या अवस्थेत नव्हताच.

मी घरी त्याच्या आधी पोचले, आणि मी तिथे होते हे त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्याला कळलं असावं. फोटो लागेल यावर माझा विश्वास नव्हता. सरकारी काम, कोण लावतो! पण हप्ता अडकला असला की सरकारही धावतं. आठवडा संपायच्या आत माणसं आली, शिडी लावली, नवा फ्लेक्स ताणून बांधून गेली.

इकडे आईंची बस ठरली होती. पिशवीची चेन लावून ती दारापाशी ठेवलेली होती. मी म्हटलं, "आई, जाण्याआधी एकदा प्लॉटपर्यंत चला."

"मी नाही येत."

"चलाच."

त्या आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर पायांवर. गेटागेटांत माणसं उभी होती. अध्यक्षही वरून तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून पाहत होते. आम्ही फ्लेक्सखाली थांबलो. आईंनी डोळे बारीक केले आणि वर पाहिलं. डावीकडे त्या होत्या, झाडू उगारून ओरडणाऱ्या. त्यांच्या बाजूला त्यांचा मुलगा, हात अंगाला चिकटवून उभा, शाळेतल्या पोराचा ओळखपत्रावरचा फोटो असतो तसा.

"हा काहून उभा राहिला अठी?"

मी सगळं सांगितलं. तो काय बोलला, साहेब काय म्हणाला, सगळं. त्या ऐकत होत्या, पण नजर फ्लेक्सवरून हलली नाही. मला वाटलं आता चिडतील. ज्याचं नाव झाकायला गाठीचे पैसे सोडले, त्यानेच ते चौकात टांगून घेतलं होतं.

"अक्कल नाही आली त्याले अजून," त्या म्हणाल्या. मग पदर थोडा मागे सारला. "पण आता बरं दिसते. मी लय एकटी दिसत होती वं तिथं."

परत येताना त्या मान वर करून चालल्या. भजनवाल्या बाईंना त्यांनी स्वतःहून हाक मारली. घरात आल्यावर दारातली पिशवी उचलून खोलीत नेली आणि चेन उघडली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. एक पातळ निघालं, दुसरं निघालं. पिशवीत मागे एखादं ठेवते का, हे मी शेवटचं पातळ कपाटात जाईपर्यंत पाहत होते.